दार लावलं

पेशीच्या दिवशी आई कांदा खात नसे. साहेबासमोर तोंड उघडायचं तर वास यायला नको, असं तिचं म्हणणं. कोर्टाच्या तारखेला आमच्या बुऱ्हाणपुरात सगळे पेशीच म्हणतात, घरात मराठी बोलणारेसुद्धा. आदल्या संध्याकाळी ती तांबड्या काठाची राखी साडी घडी घालून गादीखाली सरकवायची, म्हणजे सकाळपर्यंत तिला इस्त्री व्हायची. त्या साडीला आम्ही कोर्टाची साडी म्हणू लागलो, आणि मग ती नेसून आई कधी हळदीकुंकवाला गेली नाही की देवळात गेली नाही. हे सगळं सुरू झालं तेव्हा मी मॅट्रिकच्या अभ्यासाला बसले होते. संपलं तेव्हा माझं कॉलेज उरकत आलं होतं. त्या वयातलं पोरींना जे जे आठवावं ते मला फारसं आठवत नाही. आठवतं ते दोन शब्दांचं एक वाक्य. ते माझं नव्हतं, आईचंही नव्हतं. ते आमच्या समोरच्या घरातल्या सुनंदाचं होतं.

इतवाऱ्यातली आमची गल्ली इतकी अरुंद की समोर मिरचीची फोडणी पडली की आमच्याकडे ठसका लागावा. बाबा मराठी शाळेत मास्तर होते. सकाळी शाळेचं, संध्याकाळी शिकवण्यांचं, आणि मधल्या वेळात व्याकरणाच्या पुस्तकात डोकं. समोर दुर्गाबाई राहायच्या. नवरा लवकर गेलेला, एकुलता एक मुलगा रमेश, आणि घराला लागूनच पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचे कापड विणायचे लूम. लूमचा खडखडाट सकाळी सुरू होई. त्याची इतकी सवय झालेली की आम्ही सगळेच मोठ्यानं बोलायचो, आणि परगावचा पाहुणा आला की त्याला वाटे आमचं भांडण चाललंय. लाइट गेली की एकदम सगळं गप्प होई आणि गल्लीतल्या घराघरातलं बोलणं ऐकू येऊ लागे. बायका मग आवाज खाली आणीत. दुर्गाबाईंचा आवाज मात्र लाइट असो नसो, सारखाच असायचा. वाईट नव्हत्या त्या. आमच्याकडे कुणी आजारी पडलं की पहिली पेज त्यांच्याकडून यायची. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढे त्यांच्याबद्दल जो तो एकच काहीतरी बोलू लागला.

सुनंदा त्यांची सून. जवळच्याच जसोंडी गावची. लग्न होऊन आली तेव्हा माझ्याहून फार मोठी नसावी, पण तिची साडी, कपाळभर कुंकू आणि भरल्या बांगड्या बघून मी तिला वहिनी म्हणायचे. दुपारी सासूचा डोळा लागला की गल्ली ओलांडून ती आमच्या स्वयंपाकघरात येई. आईचं माहेर भुसावळकडचं, त्यामुळे सुनंदाचं मले-तुले आईला माहेरच्या वाऱ्यासारखं वाटत असावं. एरवी आमच्याशी नीटनेटकं बोलणारी आई तिच्याशी बोलताना अगदी सैल व्हायची. सुनंदाच्या गावाहून केळफूल आलं की दोघी पाटावर बसून ते सोलायच्या. एकेका कळीतला तो चिवट दांडा काढून टाकावा लागतो, आणि बोटं काळी पडतात. सुनंदा तेल लावायला विसरायची आणि मग काळ्या बोटांनी घरी जायला घाबरायची. आई चिंचेनं तिची बोटं चोळून द्यायची. एकदा चोळता चोळता सुनंदा म्हणाली होती की सणालाही माहेरी पाठवत नाहीत. आई म्हणाली, पहिलं वर्ष असंच असतं. यावर सुनंदा हसली. तिचं हसू नाकातून यायचं, खाकरल्यासारखं, आणि ते आम्हालाही लागायचं.

तो दिवस उन्हाळ्यातला होता. बाबा शाळेत, मी माडीवर पुस्तक घेऊन बसलेली, गल्लीत ऊन आणि लूमचा आवाज. त्या आवाजात एक आवाज मिसळला. तो काय आहे हे मला कळेपर्यंत आई खाली दार उघडून बाहेर गेली होती. मी जिन्यातून उतरले आणि अर्ध्यावरच थांबले. सुनंदा गल्ली ओलांडून आमच्या पायरीवर येऊन पडली होती. आईनं माझ्या अंथरुणातली गोधडी तिच्यावर टाकली होती आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. रॉकेलचा वास होता. बाकीचं मी लिहीत नाही. लिहायला मला जमणारही नाही. एवढंच सांगते की सुनंदाचे ओठ हलले, आईनं कान खाली नेला, आणि मग पुन्हा ओठ हलले. मी आईचा चेहरा बघत होते. लूम चालूच होते. मला काही ऐकू आलं नाही. हे मी आयुष्यात किती जणांना सांगितलं असेल, की मी पाहिलं, पण ऐकलं नाही.

दवाखान्यात नेईपर्यंत तिची शुद्ध गेली. मॅजिस्ट्रेट येऊन बयान घेतील म्हणून वाट पाहत होते, पण ती परत बोलली नाही. दिवस मावळायच्या आत गेली. म्हणजे ती शेवटचं जे बोलली ते फक्त माझ्या आईशी बोलली. ते वाक्य असं होतं, दार लावलं.

दुसऱ्या दिवशी हवालदार आले. दुर्गाबाई आणि रमेश दोघांनाही रात्रीच नेलं होतं. दुर्गाबाईंचं म्हणणं होतं की त्या बाजारात गेल्या होत्या, आणि रमेश म्हणत होता की तो शेडमध्ये लूमवर होता. स्टोचा भडका उडाला असं दोघं सांगत होते. स्वयंपाकघराच्या दारातून ती बाहेर कशी आली हे कुणी पाहिलं नव्हतं. हवालदारांनी आईला विचारलं की बाई काय म्हणाली. आईनं सांगितलं. त्यांनी विचारलं, दार कुणी लावलं. आई म्हणाली, नाव घेतलं नाही तिनं. हवालदार भले गृहस्थ होते, त्यांनाही मुली असाव्यात. ते म्हणाले, "तो और कौन लगाएगा, माताजी?" आणि हिंदीत लिहून घेतलं की सासूनं दरवाजा लावला होता. आईला वाचून काही दाखवलं नाही, सहीही घेतली नाही. असं लिहिलंय हे आम्हाला फार पुढे कळलं.

मग पेशी सुरू झाल्या. ज्यांनी कोर्ट पाहिलेलं नाही त्यांना वाटतं की तिथं बोलावं लागतं. खरं म्हणजे तिथं बसावं लागतं. शिपाई समन घेऊन यायचा, गल्लीतली सगळी दारं किलकिली व्हायची, आई कोर्टाची साडी काढायची. बाबांना दरवेळी रजा मिळत नसे म्हणून मी बरोबर जायचे. डब्यात पोळी आणि बटाट्याची कोरडी भाजी. व्हरांड्यात एक लांब बाक होता, त्यावर आम्ही बसायचो, आणि जामिनावर सुटून आल्यापासून त्याच बाकावर पलीकडच्या टोकाला दुर्गाबाई बसायच्या. दुसरीकडे बसायला जागाच नसायची. तुरुंगातून त्या आल्या त्या वेगळ्याच होऊन. केस पांढरे झालेले, बोलणं अगदी हळू. त्या स्वयंपाकघरात त्यांनी पुन्हा चूल पेटवली नाही. पुढच्या खोलीत, रस्त्यावरून दिसेल अशा जागी त्या भाकऱ्या थापायच्या. एकदा उन्हानं आईला घेरी आली तेव्हा त्यांनीच पदरानं वारा घातला. आईनं घालू दिला. वीसेक वर्षं शेजारणी होत्या त्या. वारा घालणाऱ्या बाईविरुद्ध आई साक्ष द्यायला आली होती, आणि हे दोघींनाही माहीत होतं.

दुपारपर्यंत बसल्यावर कळायचं की आज होणार नाही. कधी साहेब रजेवर, कधी वकिलांचा संप, कधी रमेशला ताप, तर कधी फाइलच सापडत नसायची. बाबू पुढची तारीख सांगायचा आणि आम्ही घरी यायचो. घरी आल्यावर आई आंघोळ करायची, अंत्यविधीहून आल्यासारखी, डोक्यावरून.

सुनंदाचे वडील भागवतभाऊ जसोंडीहून दर पेशीला यायचे. पांढरं धोतर, डोक्याला टोपी, हातात कापडी पिशवी. पहिल्या पहिल्यांदा ते पिशवीतून आमच्यासाठी केळी आणायचे आणि आईच्या पाया पडायला वाकायचे. आई मागे सरायची, वयानं ते मोठे होते. ते व्हरांड्यात बसत नसत. दुर्गाबाई दिसतील म्हणून बाहेर निंबाखाली उकिडवे बसायचे, आणि पुकारा झाला की उठून खिडकीशी यायचे. त्यांची बायको, गोदाबाई, एकदाही आली नाही. ती घराबाहेरच पडत नाही असं ते म्हणायचे.

त्या वर्षांत आमच्या घरात एक नवाच प्रकार सुरू झाला. आई ते वाक्य म्हणून बघायची. भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना, तोंडातल्या तोंडात. आधी मला वाटलं ती विसरू नये म्हणून पाठ करते आहे. मग लक्षात आलं की ती ते निरनिराळ्या तऱ्हांनी म्हणते आहे. एकदा तक्रार केल्यासारखं, दार लावलं. एकदा काहीतरी कबूल केल्यासारखं, दार लावलं. एकदा नुसतंच सांगितल्यासारखं. मग माझ्याकडे बघून विचारायची, सुमे, तुला यातलं कुठलं वाटतं? मी म्हणायचे, आई, मी ऐकलं नाही. ती मान हलवायची आणि तव्यावरची भाकरी उलटायची. पहिल्या दिवशी तिला खात्री होती. सुनंदा कशी बोलली, कुणाविषयी बोलली, यात तिला तिळमात्र शंका नव्हती. पण जितक्या वेळा ते आठवावं लागलं तितकं ते झिजत गेलं. शेवटी शेवटी तिला सुनंदाचा आवाज आठवेना, तिचा स्वतःचाच आवाज आठवायचा.

एका रविवारी तिनं बाबांना विचारलं की तुम्ही एवढं व्याकरण शिकवता तर या वाक्याचा अर्थ सांगा. बाबांनी चष्मा काढला. ते म्हणाले, यात कर्ता अध्याहृत आहे. आईनं विचारलं, म्हणजे नाही का? बाबा म्हणाले, "आहे. पण बोललेला नाही."  आज माझं वय बाबांच्या तेव्हाच्या वयापेक्षा पुष्कळ जास्त आहे, मीही पुढे शाळेत मराठीच शिकवलं, आणि प्रयोग शिकवायला घेतला की माझ्या हातातला खडू थोडा थांबायचा. मुलींना वाटायचं बाई उदाहरण शोधताहेत.

आईची साक्ष एकदाची झाली तो दिवस थंडीचा होता. आत जायच्या आधी भागवतभाऊ पहिल्यांदाच व्हरांड्यात आले. सरकारी वकिलांनी त्यांना सांगितलं होतं की सगळं या बाईंवर आहे. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. डोक्यावर टोपीचा गोल पांढरा पट्टा उमटलेला होता.

"ताई, एकच शब्द," ते म्हणाले. "त्याहिनं. त्याहिनं दार लावलं, एवढंच म्हना. तुमच्याबी मनात तेच आहे नं?"

आई म्हणाली, "मनात तेच आहे, भाऊ."

"मंग?"

 तेवढ्यात पुकारा झाला, कमलाबाई हाजिर हो, आणि ती पदर सावरत आत गेली. मी दाराशी उभी राहिले.

साहेब वयस्क होते, बोलणं शांत, मराठी त्यांना समजत होतं. आई मराठीत बोलायची, ते हिंदीत वाक्य सांगायचे आणि टायपिस्ट ते उतरवायचा. सुनंदा कधीपासून यायची, काय बोलायची, माहेरी जाऊ देत नसत हे ती बोलली होती, हे सगळं नीट झालं. मग सरकारी वकिलांनी विचारलं की शेवटी ती काय म्हणाली. आई म्हणाली, "दार लावलं, असं म्हणाली. दोनदा म्हणाली." साहेबांनी टायपिस्टला सांगायला सुरुवात केली, मृतका ने कहा कि दरवाजा, आणि ते थांबले. त्यांनी आईकडे पाहिलं.

"लगा लिया, या लगा दिया?"

आईला प्रश्न समजला. तिला तो इतका समजला की ती कठड्याला धरून उभी राहिली. लगा लिया म्हणजे आपलं आपण. लगा दिया म्हणजे दुसऱ्या कुणी.

"साहेब, आमच्यात नुसतं लावलं म्हणतात," ती म्हणाली. "कुणीही लावलं तरी लावलंच."

सरकारी वकील पुढे आले. पोलिसांना तुम्ही सांगितलंय की सासूनं दार लावलं, असं ते म्हणाले, आणि आता फक्त हो म्हणा अशा नजरेनं बघत राहिले. खिडकीच्या गजाआड भागवतभाऊंचा चेहरा होता. आई म्हणाली की सासूनं हा शब्द सुनंदा बोलली नव्हती, आणि तिनं स्वतःही पोलिसांना तसं सांगितलं नव्हतं. मग ती साहेबांकडे वळली. हात जोडले नव्हते तिनं, पण आवाज हात जोडल्यासारखा होता.

"पण साहेब, ती ज्या तऱ्हेनं म्हणाली..."

"तरीका लिखा नहीं जा सकता, माताजी," साहेब म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "शब्द बताइए."

शब्द तिनं सांगून झाले होते. सरकारी वकिलांनी चिडून साहेबांना काही सांगितलं, आणि साक्षीदार उलटला असं लिहिलं गेलं. दुर्गाबाईंच्या वकिलांनी एकच प्रश्न विचारला, तिनं कुणाचं नाव घेतलं का. आई म्हणाली, नाही. त्यांनी वाकून आईचे आभार मानले. आम्ही बाहेर आलो तेव्हा भागवतभाऊ निंबाखालून आपली पिशवी उचलत होते. आईनं त्यांना हाक मारली. त्यांनी ऐकली असणार, कारण ते क्षणभर थांबले, मग टोपी घातली आणि बस स्टँडच्या दिशेनं निघून गेले.

पेपरात बातमी आली, साक्षीदार फितूर. गल्लीत लोक म्हणाले, मुकर गई. दुर्गाबाईंनी आईला काय दिलं असेल याची चर्चा झाली. बाबांच्या शाळेतल्या एका मास्तरांनी त्यांना बाजूला घेऊन विचारलं की वहिनींवर दबाव होता का. जी बाई तेवढा एक शब्द बोलली नाही म्हणून खोटी ठरली, ती तो बोलली असती तर खरी ठरली असती, हे बाबा एकदाच बोलले, जेवताना, ताटाकडे बघत. आईनं त्यांना आणखी भात वाढला.

निकाल लागला. संशयाचा फायदा देऊन दोघांनाही सोडलं. त्या दिवशी संध्याकाळी दुर्गाबाई स्टीलच्या डब्यात दराबा घेऊन आमच्याकडे आल्या. साखर-तुपाचा तो गोड वास अजून आला की मी दुकानापुढून भराभर निघून जाते; बुऱ्हाणपुरात राहून दराबा न खाणारी मी एकटीच असेन. त्या पाटावर बसल्या. डबा पुढ्यात ठेवून म्हणाल्या, "वैनी, तुम्ही खरं बोलल्या म्हणून आम्ही वाचलो."

आई खाली तांदूळ निवडत बसली होती. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"दुर्गाबाई, आता सगळं झालं," ती म्हणाली. "आता कुणी लिहून घेणार नाही. दार कुणी लावलं होतं?"

मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होते. दुर्गाबाईंचा चेहरा मला बाजूनं दिसत होता. त्यांच्या चेहऱ्यावर ना राग आला ना भीती. त्या एखाद्या फार दूरच्या गोष्टीकडे बघत असाव्यात असं वाटलं. डब्याच्या झाकणावरून त्यांचं बोट फिरत होतं.

"आता काय करायचं आहे ते, वैनी," त्या म्हणाल्या. "साहेबानं लिहून दिलं ना."

त्या उठून गेल्या. डबा तसाच राहिला. बाबांनी दराबा सकाळी गाईला घातला आणि डबा धुऊन त्यांच्या ओट्यावर ठेवून आले. त्यानंतर त्या दोघी, समोरासमोर राहून, एकमेकींशी बोलल्या नाहीत. पुढे दुर्गाबाईंनी घर विकलं आणि लूम घेऊन कुठेतरी निघून गेल्या. रमेशचं दुसरं लग्न झालं असं कानावर आलं. तिथं आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानातला मुलगा मला आजी म्हणतो; त्याला यातलं काही माहीत नाही, आणि मी सांगणार नाही.

आई मात्र झोपेना. दिवसा तिचा डोळा लागत नसे, रात्रीही ती पडल्या पडल्या जागीच असायची. घरातली दारं तिनं लावू देणं बंद केलं. न्हाणीघरालाही नुसता पडदा. थंडीत वारा आत यायचा, मांजरं आत यायची, एकदा चोरही येऊन गेला, तरी कडी नाही. डॉक्टर झाले, गंडेदोरे झाले. मग एके दिवशी तिनं बाबांना सांगितलं की मी जसोंडीला जाणार आहे. बाबा म्हणाले, ते लोक उंबऱ्यावर उभं करणार नाहीत. ती म्हणाली, नाही केलं तर नाही. मी बरोबर निघाले. त्या दिवशी तिनं कोर्टाची साडी नेसली नाही, हे मला बरं वाटलं.

बस गावाशी थांबली. घर विचारत गेलो. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा आणि मधून पाण्याचे पाट. भागवतभाऊ अंगणात दोर वळत बसले होते. त्यांनी आईला ओळखलं, दोर खाली ठेवला आणि शेताकडे चालू लागले. आई तिथंच उभी राहिली. आतून एक बारकी बाई बाहेर आली. डोक्यावरून पदर, डोळे खोल गेलेले. तीच गोदाबाई. तिनं नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि म्हणाली, "बसा माय." तिनं घोंगडी अंथरली. चहा ठेवला. तो कपांत ओतून आमच्यापुढे सरकवला. भिंतीवर सुनंदाचा लग्नातला फोटो होता, त्यात ती हसायचं दाबून धरते आहे असं दिसत होतं.

आईनं कपाला हात लावला नाही. ती बोलायला लागली, की गोदाबाई, त्या दिवशी कोर्टात... गोदाबाईंनी हात वर करून तिला थांबवलं. त्या आईच्या अगदी जवळ सरकून बसल्या.

"ते राहू द्या," त्या म्हणाल्या. "ते सगळे तेच इचारतात. मले एक सांगा. तिले पानी भेटलं का?"

मी हातातला कप खाली ठेवला. कारण मी जिन्यात उभी होते आणि मी पाहिलं होतं. सुनंदाचं बोलून झाल्यावरही तिचे ओठ हलत राहिले होते, नुसतेच, आणि आईनं माझ्याकडे बघून पाणी म्हटलं होतं. मी घडवंचीवरून पेला भरून आणून तिच्या हातात दिला होता. पण तोवर माणसं जमली होती. गल्लीच्या तोंडाशी राहणारे एक कंपाउंडर पुढे झाले आणि म्हणाले की भाजलेल्याला पाणी द्यायचं नसतं, लगेच जाईल. ते दवाखान्यातले, त्यांना कळत असणार. आईनं पेला पायरीवर ठेवला. सुनंदाला उचलून नेलं तेव्हा तो तसाच भरलेला होता. कोर्टात इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. हवालदारांनी नाही, वकिलांनी नाही, साहेबांनी नाही.

"हो," आई म्हणाली. "माझ्या हातानं पाजलं. दोन घोट घेतले तिनं. मग शांत झाली."

तिचा आवाज जराही कापला नाही. गोदाबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं, अगदी बारकाईनं, आणि मग आईचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तो उलटा केला, तळव्याकडून बघितला, आणि आपल्या कपाळाला लावून धरला. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. चूल विझली आणि धूर घरात भरला तरी त्यांनी तो सोडला नाही. त्या रडत होत्या की नाही हेही मला दिसलं नाही, त्यांचा पदर पुढे आला होता.

परतीच्या बसमध्ये आम्हाला खिडकीजवळची जागा मिळाली. गोदाबाईंनी एक केळफूल फडक्यात बांधून दिलं होतं, ते माझ्या मांडीवर होतं. बस हलली. बरंच अंतर गेल्यावर मी हळूच म्हणाले, "आई, पाणी..."

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

एवढंच. मग तिनं डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं. मला वाटलं ती डोळे मिटून पडली आहे. थोड्या वेळानं तिचं अंग जड झालं, तोंड थोडं उघडलं, आणि ती घोरू लागली. बस खड्ड्यांतून उडत होती, कंडक्टर ओरडत होता, शेजारच्या बाईची कोंबडी फडफडत होती, पण ती उठली नाही. बुऱ्हाणपूर आलं. माणसं उतरली, बस रिकामी झाली. कंडक्टर आमच्यापाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, उतरा माय, गाडी डेपोत न्यायची आहे. मी त्याला हातानंच खूण केली, जरा थांबा. त्यानं आईकडे पाहिलं, मग पुढे जाऊन ड्रायव्हरला काहीतरी सांगितलं, आणि ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.